सातचं डोकं, दोनचे पाय

बिरवाडीच्या आमच्या घरमालक चाचांनी मला वाचवलं, हे आधी लिहून टाकते. कशातून वाचवलं ते मागाहून येईलच. उपकार सांगायचा तर आधी माणूस सांगावा, मग संकट, असं आमची आई म्हणायची. नववीत शाळा सुटल्यावर मला जे काही शिकायला मिळालं ते थोडं आईकडून आणि बरंचसं या चाचांकडून.

आता मी लग्न होऊन गुजरातेत आहे. इथेही कारखान्यातच काम करते. शेजारणी चांगल्या आहेत, पण मनातलं मराठीत बोलावं असं जवळ कुणी नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. शुद्धलेखन चुकेल ही भीती आहेच. मला सगळ्याचीच भीती वाटते, त्याला इलाज नाही.

चाचा उंच, काठीसारखे. डोक्यावर पांढरी जाळीची टोपी, गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं भिंग. लहानपणी आमच्या शाळेच्या कपाटात होतं तसलंच, लाकडी मुठीचं. ऐन उमेदीची सगळी वर्षं आखातातल्या एका बंदराच्या कचेरीत गेली. "फरशी पुसायला गेलो होतो," ते सांगत, "पुसता पुसता एक दिवस कॉम्प्युटरपाशी पोचलो, ते तिथंच बसलो." परत आल्यावर बिरवाडीत रस्त्यापासून जरा आत त्यांनी सहा खोल्यांची चाळ बांधली. खोल्यांत आम्ही कारखान्यांत काम करणारी माणसं, आणि पुढच्या खोलीत चाचा, चाची आणि उघडेवाघडे कॉम्प्युटर. एकाचंही झाकण जागेवर नाही. झाकण लावलं की आत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणत.

त्यांना काहीही सांगायला जा, पहिला प्रश्न ठरलेला: "आत्ताचं का मघाचं?"

चाचा, नळाला पाणी नाय. "आत्ताचं का मघाचं?" चाचा, तुमची बकरी सुटली. "आत्ताचं का मघाचं?" त्यांच्या मते जगातली निम्मी भांडणं खोट्यानं होत नाहीत, शिळ्या खऱ्यानं होतात. माणूस खोटं बोलत नसतो, मघाचं बोलत असतो.

चाची यावर फार चिडायच्या. "आमच्या निकाहात काझीनं तीनदा विचारलं, कबूल हाय का," त्या सांगत, "मी तीनदा हो म्हटलं. तर संध्याकाळी हा माणूस मला विचारतो, ते मघाचं झालं, आत्ता काय म्हणतेस?"

"मग काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, आत्ता डोकं दुखतंय."

त्यांच्या स्वयंपाकघरात एकाही बरणीवर चिठ्ठी नव्हती. सगळ्या बरण्या काचेच्या. चिठ्ठीवर जिरं लिहिलेलं असतं आणि आत ओवा असतो, म्हणून चाचांनी चिठ्ठ्याच खरवडून काढल्या होत्या. किती वाजले विचारलं तर म्हणायचे, "मी पाह्यलं तवा दहाला पाच कमी होते." सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर गुडघे शेकायला जात, तेव्हाही शेजारच्याच्या सांगण्यावर पाय आत टाकायचे नाहीत. आधी करंगळी.

आम्ही भाडेकरू मागून हसायचो. मीही हसायचे. पण एका पावसाळ्यात नदी चढली तेव्हा हसू थांबलं. चाळीतल्या सगळ्यांनी धान्य, गाद्या, गॅसची शेगडी माळ्यावर चढवली होती. दुपारी प्रत्येकाच्या फोनवर निरोप आला, पाणी उतरतंय, काळजी नसावी. सगळे खूश. गाद्या खाली यायला लागल्या. चाचा छत्री घेऊन निघाले. चाची ओरडल्या, "अहो, फोनवर आलंय ना!" चाचा न वळता म्हणाले, "फोनवर आलंय. नदीवर नाय आलं." अर्ध्या तासानं भिजून परत आले आणि म्हणाले, "चढतंय. हे वीस मिनिटांपूर्वीचं हाय, तवा आता आणखी चढलं असेल." तो निरोप आदल्या संध्याकाळचा होता, फिरत फिरत आमच्यापर्यंत आलेला. आम्ही मुकाट्यानं गाद्या परत वर नेल्या. त्या पावसात पाणी आमच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं.

आता माझी गोष्ट.

मी ज्या कारखान्यात होते तिथे औषधांना लागणारी पावडर ड्रमात भरत. ड्रमवर लेबल छापून लावायचं काम माझ्याकडे. पावडर बदलली की समोरच्या स्क्रीनवर नवा बॅच नंबर भरायचा, एंटर दाबायचं, स्क्रीनवर नवं लेबल आलं की वाचायचं, मग छपाई सुरू. चार वर्षं हेच केलं. मी भित्री असल्यामुळे दोनदा वाचायची.

लाइनीवरचा जुना कॉम्प्युटर आजारी पडला, तेव्हा ऑफिसात नवा मोठा डबा आणला. जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा त्या नव्याच्या पोटात घातला, असं आम्हांला सांगितलं. पोटात कसा घातला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. छपाईचं जुनं कार्ड तेवढं खरंखुरं, हातात धरता येणारं, ते काढून नव्या डब्यात बसवलं. माझ्यासमोर स्क्रीन तोच, बटणं तीच.

महिन्याभरात गिऱ्हाइकाकडून तक्रार आली. तीन ड्रमांवर आधीच्या बॅचचा नंबर. आत माल एक, वर नाव दुसऱ्याचं. औषधाच्या कामात याहून मोठा गुन्हा नाही.

साहेबांनी बोलावलं. शांतपणे म्हणाले, "बॅच बदलताना तू एंटर दाबत नाहीस."

"दाबते साहेब. स्क्रीनवर नवा नंबर वाचते, मगच—"

"स्क्रीनवर बरोबर आणि कागदावर चूक, असं होतं का कधी? मशीन खोटं बोलतं का?" मग जरा थांबून, "किती शिकलीस?"

"नववी."

त्यांनी 'बरं' म्हटलं. त्या 'बरं'मध्ये सगळा निकाल होता. एक कागद पुढे केला. माझ्या हलगर्जीपणामुळे चूक झाली, असं त्यावर छापलेलं. सोमवारपर्यंत सही करून आण, नाहीतर येऊ नकोस. सही केली तरी मला कामावर लावणारा कंत्राटदार ठेवणार नव्हताच, हे लाइनीवरच्या बायकांनी मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं.

काम जाईल याचं दुःख होतंच. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. तिथे परत जाऊन काय सांगायचं? पण त्याहून वाईट एक गोष्ट झाली. शनिवारी घरी येईपर्यंत मलाच वाटायला लागलं की मी एंटर दाबलं नसेल. नंबर वाचल्यासारखा वाटला असेल. स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गेला की माणसाकडे काय राहतं? मी खोलीचं कुलूप तीनदा ओढून पाहिलं त्या दिवशी.

रविवारी सकाळी धुण्याआधी मी एप्रन दोरीवर टाकला होता. आमच्या लाइनीवर एक पद्धत होती. खराब छापलेलं लेबल निघालं की ते एप्रनच्या पोटावर चिकटवायचं आणि पाळी संपताना सगळी एकदम काढून साहेबांच्या तक्त्यावर लावायची. शनिवारच्या गडबडीत एक तसंच राहून एप्रनसोबत घरी आलं होतं. शाई पसरलेलं, म्हणून मी बाजूला काढलेलं.

चाचा बकरीला पाला घालायला मागे आले. दोरीपाशी थांबले. गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं, ते काढेनातच.

"काय गो, हा आकडा कुणी काढला?"

"शाई पसरलीय चाचा."

"शाई पसरली तर पसरते. ती दुसऱ्या आकड्याचे पाय नाय लावत. इकडं ये, बघ."

मी भिंगातून पाहिलं. शेवटचा इंग्रजी आकडा. वरची आडवी रेघ आणि तिरकी मान सातची. खाली मात्र जमिनीवर पसरलेली दोनची बैठक. मध्ये सुरीनं कापल्यासारखी सरळ रेघ.

"नवा नंबर कशावर संपत होता?"

"सात."

"आणि आदला?"

"दोन."

"म्हणजे सातचं डोकं, दोनचे पाय." चाचांचा चेहरा असा उजळला की जणू कुणी त्यांना मिठाई दिली. "अर्धं आत्ताचं, अर्धं मघाचं! आता मला सांग पोरी, तू बटण दाबायला विसरलीस तर अख्खा दोन येईल. दाबलंस तर अख्खा सात. अर्धा आकडा कुठल्या बटणानं दाबतात?"

मी तिथेच दगडावर बसले आणि रडले. चाचांना रडणं समजत नसे. ते बकरीला पाला घालून परत येईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "स्क्रीनवर सात पाह्यला होतास?"

"हो."

"छापायच्या आधी?"

"हो."

"मग पाह्यला होतास. तुझं पाहणं तुझ्याकडनं कुणी कागदावर सही घेऊन काढून नेत नाय."

मग त्यांनी पुढच्या खोलीत नेऊन, झाकण नसलेल्या कॉम्प्युटरसमोर बसवून मला समजावायला सुरुवात केली. पहिली पंधरा मिनिटं काहीच कळलं नाही. चाचींनी चहा आणला आणि म्हणाल्या, "अहो, माणसांचं बोला." तेव्हा चाचांनी चाळीकडे बोट केलं.

"हा नवा डबा म्हणजे ही चाळ. आत बिऱ्हाडं. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटतं आख्खं घर आपलंच. तुमचा जुना कॉम्प्युटर आता त्यातलं एक बिऱ्हाड. आणि चाळीचा मालक मधे. कळलं?"

"हो."

"आता कॉम्प्युटर लिहितो कसा? हाताशी पाटी असते, तिच्यावर भराभर लिहितो. मोठी वही असते लांब कपाटात. फुरसतीनं पाटीवरचं वहीत उतरवतो. स्क्रीनला दाखवताना पाटीवरचं वाचतो. म्हणून तुला सात दिसला, तो खराच हाय. पण तुमचं छपाईचं कार्ड जुन्या वळणाचं. ते पाटी बघत नाय. सरळ कपाटाशी जातं नि वही वाचतं. वहीत अजून सात उतरलाच नसेल तर?"

"दोन छापेल."

"अर्धाच उतरला असेल तर?"

मी एप्रनकडे बघितलं.

"तुमचा जुना कॉम्प्युटर काय खुळा नव्हता," चाचा म्हणाले. "त्याला कार्डाची खोड म्हाईत. छापायच्या आधी तो ओरडायचाच, पाटीवरचं सगळं वहीत उतरवा! स्वतःच्या घरात होता तवर त्याचं ऐकलं जायचं. आता मधे मालक हाय. मालक ऐकतो, 'हो, झालं' म्हणतो, आणि करत नाय."

"का पण? खोटं का बोलतो?"

"खोटं नाय गो. सगळी पाटी उतरवायची म्हणजे आख्ख्या चाळीचं काम थांबतं. आणि एरवी गरजच नसते. बाकी सगळे मालकाच्या हातूनच वाचतात, त्याला पाटी ठाऊक असते. सवयीनं मान हलवतो. पण एका बिऱ्हाडाला त्यानंच कपाटाची थेट चावी देऊन ठेवलीय, हे तो विसरला."

आणि तेव्हा मला आमच्या वाडीतले अण्णा दिसले. अगदी डोळ्यांसमोर.

मी म्हटलं, "चाचा, म्हणजे आमच्या शिमग्यासारखं."

आमच्या वाडीत निम्मी घरं मुंबईला. शिमग्याला देवीची पालखी कुठल्या दिवशी कुठल्या घरी, हे मुंबईच्या मंडळात ठरतं. ठरलं की गावात अण्णांना फोन. अण्णा म्हणतात, "व्हय व्हय, सांगतो पालखीवाल्यांना." आणि सांगत नाहीत. वर्षानुवर्षं सांगितलं नाही, कुणाला कळलंही नाही, कारण मुंबईची मंडळी आदल्या दिवशीच गावात उतरायची आणि स्वतःच सांगायची. एका वर्षी वरच्या आळीतल्या एका घराला रजा मिळेना. त्यांची पाळी दुसऱ्या दिवशी ठेवली. अण्णांनी फोनवर मान हलवली. त्या वर्षी मंडळीही सणादिवशीच दुपारी पोचायची होती. पालखी सकाळीच जुन्या क्रमानं निघाली आणि त्या घरापाशी गेली, तर दाराला कुलूप. आता घर वगळायचं नाही हा नेम. पालखी कुलुपापुढे नाचली. नारळ उंबऱ्यावर फुटला. दुसऱ्या दिवशी ते लोक ताट घेऊन उभे, पण देवी एकदा येऊन गेलेल्या दारी पुन्हा येत नाही. केवढं भांडण! मुंबईवाले म्हणत होते आम्ही सांगितलं. पालखीवाले म्हणत होते आम्हांला नाही सांगितलं. दोघंही खरं बोलत होते.

चाचा ऐकता ऐकता उभे राहिले. "देवी कुलुपाला भेटून गेली!" चाचींकडे वळून पुन्हा, "अगो ऐकलंस? कुलुपाला!" मग माझ्याकडे बोट रोखून, "उद्या हेच सांग सायबाला."

"मी? तुम्ही चला ना चाचा. मला नाही बोलता येणार."

"मी सांगितलं तर ते ऐकलेलं होईल. लेबल तू पाह्यलंस, कुलूप तू पाह्यलंस. तू सांगशील तवा ते पाहिलेलं."

सोमवारी ते मला मोपेडवरून गेटपर्यंत घेऊन आले. पहारेकऱ्यानं त्यांना आत सोडलं नसतंच. गेटसमोरच्या टपरीशेजारी मोपेड लावून, छत्री उघडून बसले. मी एप्रन पिशवीत घालून आत गेले.

साहेबांच्या खोलीत तो नवा डबा बसवून देणारा इंजिनीयरही होता, पुण्याहून आलेला. साहेब म्हणाले, "सही आणलीस?"

मी एप्रन टेबलावर पसरला. दोघं मागे सरकले. मी म्हटलं, "साहेब, हा आकडा वाचा."

"दोन आहे. खराब छापलाय."

"वरचा भाग हातानं झाका. आता खालचा."

साहेबांनी झाकला. मग खालचा झाकला. इंजिनीयरनं लेबल ओढून जवळ घेतलं.

मी पाठ केलेलं घडाघडा बोलून टाकलं: पाटी, वही, मान हलवणारा मालक. इंजिनीयर हसला. "कोणी सांगितलं हे तुम्हांला?"

"आमच्या चाचांनी."

"ते काय करतात? सॉफ्टवेअरमध्ये आहेत?"

"घरमालक आहेत."

आता साहेबही हसले. मला वाटलं संपलं. पण एक वाक्य राहिलं होतं, ते निघालं: "सर, बॅच पन्नास वेळा बदलून पन्नास लेबलं काढा. तुमच्या हातानं. मी बटणाला हात लावत नाही." आणि खरंच मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिले.

माझी ब्याद जावी म्हणून असेल, तो लाइनीवर आला. पहिली बारा बरोबर. तेरावं बरोबर. साहेब घड्याळ बघायला लागले. एकोणिसाव्या लेबलावर वर आठ होता आणि खाली एक.

इंजिनीयरनं स्क्रीन बघितला. तिथे स्वच्छ आठ. परत लेबल. त्यानं बोटानं ती सरळ कापलेली रेघ चाचपून पाहिली, आणि फार हळू म्हणाला, "एंटर मी दाबलं होतं."

"हो सर," मी म्हटलं. "मी पाहिलं."

मग त्यानं कुठे कुठे फोन लावले. जेवणाच्या सुट्टीत मला शोधत आला. मघाशी नीट ऐकलं नाही, म्हणाला, तुमचं ते मालकाचं पुन्हा सांगा. मी त्याला अण्णांची गोष्ट सांगितली. कुलुपापाशी तो हसला, पण वेगळं हसला. "अण्णांना काढून टाकता येत नाही का?"

"नाही सर. गाव आहे, मधे कुणीतरी लागतंच. फक्त अण्णांना सांगावं लागतं, की यंदा मान हलवून चालणार नाही, खरंच निरोप पोचवायचा आहे."

"तेवढी सोय आहे त्यात," तो म्हणाला. "आम्ही ती चालू केली नव्हती."

दोन दिवसांत ती चालू झाली. नंतर त्यांनी शंभर लेबलं काढली, मला वाचायला लावली. सगळी धडधाकट. साहेबांनी माफी मागितली नाही. तो कागद माझ्यासमोर फाडला आणि म्हणाले, "जा, लाइनीवर जा." मला तेवढं पुष्कळ होतं.

पण ते नंतर. त्या सोमवारी पाळी संपल्यावर मी गेटबाहेर धावत आले तर चाचा त्याच जागी, छत्रीखाली, टपरीवाल्याला त्याची चहाची बरणी काचेची का असावी हे पटवत बसलेले. सकाळपासून. मला बघून त्यांनी 'काय झालं' विचारलं नाही. भिंग गळ्यात सरळ केलं आणि वाट पाहत राहिले.

"चाचा," मी म्हटलं, "सकाळचं आहे. पण चांगलं आहे."

त्यांना इतकं हसू आलं की छत्री कलंडली.

याला आता सहा वर्षं होत आली. मी दर रविवारी फोन करते. अलीकडे फोन चाचीच घेतात. चाचांच्या डोळ्यांत काहीतरी झालंय, भिंगानंही दिसत नाही म्हणतात. मागच्या महिन्यात चाचा स्वतः बोलले. मी विचारलं, तब्येत कशी आहे? म्हणाले, "बरी हाय, असं ही सांगते." मग म्हणाले, "नदीवर जातो मी अजून. पण बघायला दुसऱ्याला न्यावं लागतं. आणि तो मला बरं वाटावं म्हणून सांगतो गो. किती पाणी विचारलं की म्हणतो, नेहमीएवढं. नेहमीएवढं म्हणजे केवढं?"

मी म्हटलं, 'हो चाचा.' फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मीही अण्णांसारखी मान हलवली.

तर चाचा, हे तुम्हांला कुणीतरी वाचून दाखवेल तेव्हा मघाचं झालेलं असेल, तरी लिहिते. दिवाळीला येता येणार नाही, सुट्टी नाही. पण मी येणार, आणि राहायला येणार. रोज सकाळी तुम्हांला मोपेडच्या मागे बसवून पुलावर नेईन. पाणी कुठल्या दगडापर्यंत आहे ते सांगेन, चढत असलं तर चढतंय म्हणून सांगेन, तुम्हांला वाईट वाटलं तरी. तुम्ही माझं पाहणं मला परत दिलंत. माझ्याकडे परत द्यायला तेवढंच आहे.